डायवर नसला तरी चालंल

दामूभाऊंच्या घरात घंटीशिवाय पान हलत नाही. ओटीवरच्या झोपाळ्यापासून थेट स्वयंपाकघरापर्यंत त्यांनी एक दोरी ओढून घेतली आहे आणि तिच्या टोकाला पितळी घंटी टांगली आहे. जेवताना एकदा टण वाजलं की वाढणं थांबवायचं, टण-टण वाजलं की चालू. मालतीवहिनी इतकी वर्षं या घंटीवर आमटी वाढताहेत. मी एकदा विचारलं, "वहिनी, तुम्हाला राग नाही येत?"

"येतो ना," त्या म्हणाल्या. "मंग मीच तीन बेल देते. तीन बेल म्हंजे गाडी भरली, जागा नाय. गप उठतात पानावरून."

दामूभाऊ राऊत एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाले, पण गाडीतून उतरले म्हणून नाहीत. तारापूरजवळच्या आमच्या या गावात मी शाळेवर बाई म्हणून आले, तेव्हा त्यांची पहिली भेट बोईसरच्या शेअर रिक्षात झाली. रिक्षा भरली होती, रिक्षावाला किल्ली फिरवून बसला होता, आणि हे गृहस्थ त्याला सोडत नव्हते. "बाई, पदर आत घ्या. मावशी, टोपली पायाजवळ. हां, आता कसं." मग हातातल्या अंगठीने दांडीवर टक-टक. रिक्षावाला थकून म्हणाला, "चाचा, अब चलें?" चाचांनी मान हलवली, तेव्हा कुठे आम्ही निघालो.

ड्रायव्हर मंडळींबद्दल त्यांचं मत अगदी पक्कं. "डायवर म्हंजे काय, स्टेअरिंगचा गोल फिरवायचा. गाडी हालते ती बेलवर. कंडक्टर पायजे. डायवर नसला तरी चालंल." हे वाक्य ते लग्नाच्या मांडवात म्हणत, पारावर म्हणत, रिक्षा स्टँडवर तर मुद्दाम मोठ्याने म्हणत. रिक्षावाले त्यांना चहा पाजत आणि पाठीमागे शिव्या घालत.

त्यांचं आणखी एक कोडं होतं. मासळीच्या वासाने या माणसाला मळमळतं. बोंबील वाळत असले तर नाकाला रुमाल लावून रस्ता ओलांडणारे. आणि दर रविवारी हे सातपाटीला, म्हणजे मासळीच्या बंदराच्या गावी, जाणार. सगळं गाव ज्यासाठी सातपाटीला जातं, ते यांना नको. मग कशाला? पिशवी रिकामी नेत, रिकामी आणत. गावाने जे तर्क लढवायचे ते लढवले. वहिनींना विचारलं तर म्हणायच्या, "त्यांची ड्यूटी हाय."

आणि मग काय, बोलाफुलाला गाठ पडली. एका कंपनीने आमच्या फाट्यापासून कारखान्यांच्या वसाहतीपर्यंत बिनड्रायव्हरची छोटी बस चाचणीसाठी चालवायचं ठरवलं. वरच्या परवानग्या आणल्या म्हणे, पण ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला हवा. म्हणजे ग्रामसभा आली. आमच्याकडे ग्रामसभेला माणसं येत नाहीत. या सभेला बसायला सतरंजी पुरली नाही.

कंपनीचा इंजिनीअर भला मुलगा होता. त्याने पडद्यावर गाडी दाखवली. पहिला प्रश्न आला, "धडक झाली तर धरायचं कोनाला?" दुसरा उठला, "पेपरात चालक फरार असं छापतात. आता फरार कोन होनार?" मासळीवाल्या म्हणाल्या, टोपलीचं पाणी जायला खाली भोक ठेवा. रिक्षावाल्यांनी बाहेर घोषणा सुरू केल्या होत्या, आणि एक होतकरू पुढारी कंपनीलाही पाठिंबा देत होता आणि रिक्षावाल्यांनाही.

मला वाटलं, आज दामूभाऊंचा विजयाचा दिवस. ड्रायव्हर गेलाच आहे. आता हे कंडक्टरची जागा मागणार, तीही स्वतःसाठी. ते उठले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "गाडी येऊ द्या. पन पुढची डायवरची सीट काढायची नाय. आन सीटपुढं गोल पायजे."

इंजिनीअर गोंधळला. "काका, ती सीट काढली तर माणसं जास्त बसतील. स्टेअरिंगचं काम तर संगणक करणार."

"तर शोभेचा लावा. पन लावा."

सभा हसली. पण सरपंचांनी विचारलं तेव्हा पटापट हात वर झाले, दारात येऊन उभ्या राहिलेल्या रिक्षावाल्यांचे सुद्धा. कारण गेले काही आठवडे दामूभाऊ चिकूची पिशवी घेऊन दारोदार फिरत होते. रिक्षावाल्यांना त्यांनी सांगितलं होतं, सीट ऱ्हायली तर उद्या तिच्यावर मानूस बसवायची मागनी करता येईल. सरपंचांना सांगितलं, लोकांना पुढं कोनीतरी दिसायला पायजे, नायतर मतं जातील. हवालदाराला सांगितलं, धरायला सोपं. आमदारांच्या कार्यालयातही चिकू पोचले होते. राजकारणात मुरलेल्यांना जमणार नाही इतक्या सफाईने या माणसाने सगळ्यांना एका सीटवर आणून बसवलं होतं. आणि खरं कारण एकालाही सांगितलं नव्हतं. ठराव झाला, अटीसकट दाखला मिळाला, कंपनीने कपाळाला हात लावून सीट ठेवली.

बस सुरू झाली त्या सकाळी मी आणि मालतीवहिनी फाट्यावर होतो. नारळ फुटला, पुढाऱ्याचं भाषण झालं. पण दामूभाऊंचा पत्ता नाही. तेवढ्यात रिक्षा आली. दामूभाऊ उतरले आणि त्यांनी हात धरून एका उंच, काळ्याभोर म्हाताऱ्याला उतरवलं. म्हाताऱ्याने खाकी सदरा कडक इस्त्री करून घातला होता. त्याची नजर कुठेच नव्हती.

"काशिनाथ," वहिनी माझ्या कानाशी म्हणाल्या. "सातपाटीचा. यांच्या गाडीवरचा डायवर. काचबिंदूनं डोळे गेले, तवापासून घरात बसून हाय. हे दर रविवारी जाऊन बसतात त्याच्याजवळ. किती सांगितलं, चल जरा बाहेर. तर म्हनतो, जल्म पुढं बसून काढला, आता दुसऱ्याच्या पाठी बसनार नाय. आज रिक्षात बसला तो फक्त या सीटसाठी."



दामूभाऊंनी त्याला त्या सीटवर बसवलं, पट्टा लावला, त्याचे दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले आणि स्वतः पाठीमागे दांडीला धरून उभे राहिले. आम्ही मागे बसलो. काशिनाथने गोल हळूच इकडेतिकडे फिरवून पाहिला. ड्रायव्हरचे हात ते, त्यांना लगेच कळलं.

"कंडक्टर, हा कशालाच जोडलेला नाय रे."

"नाय."

"म्हंजे ही माझ्याबिगर चालते."

"चालते."

काशिनाथ हसला. "जिकलास की मंग. जलमभर म्हनत होतास, डायवर नसला तरी चालंल."

दामूभाऊंनी उगाच मागे वळून, माणसं बसली का, ते बघितलं.

"गाडीला चालंल रे," ते म्हणाले. "मला नाय चालत."

आणि त्यांनी अंगठीने दांडीवर डबल बेल दिली.