शहजादीच्या पोटाची विचारपूस

लेकरू एका घराचं असतं, पण त्याचं पोट सगळ्या गल्लीचं असतं. शेकडा नव्वद माणसांना दुसऱ्याच्या लेकराचं पोट कशानं अडलं ते पक्कं ठाऊक असतं. उरलेल्या दहांना तेवढ्यात कुणीतरी सांगून जातं.

औरंगपुऱ्यातल्या सगीराबीची सहा वर्षांची नात शहजादी. एकदा तिला शौचाला खडा झाला, रक्त आलं, लेकरू भ्यालं. तेव्हापासून कळ आली की पाय आवळून कपाटामागं उभी. पोट नगाऱ्यासारखं.

गल्लीनं हयगय केली नाही. समोरच्या सरूबाईनं एरंडेल सुचवलं, कमरोद्दीन शिंप्यानं तावीज, एका जाणत्या बाईनं साबणाची कांडी (हिला जाणती कुणी ठरवलं ते तिलाच ठाऊक). शेवटी सगीराबीनं आरोग्य केंद्र गाठलं.

तिथली डॉक्टरीण वयानं लहान. तिनं पाण्यातून द्यायची पावडर दिली. पोट मोकळं झालं तरी काही महिने बंद करायची नाही म्हणाली. जेवणानंतर जरा वेळ बसवा, पायांखाली पाट द्या. आणि झाली का, झाली का म्हणून विचारू नका.

पावडर पटली, पाट पटला. शेवटचं तेवढं सगीराबीला पोरकटपणाचं वाटलं. न विचारता कळणार कसं? (पेन्शनवाल्याला सरकारसुद्धा दरसाल विचारतंच, बाबा, जिवंत आहेस का.) सबब संडासाच्या दारापुढं कायम बंदोबस्त लागला: खुर्चीवर खुद्द सगीराबी, पायरीवर सरूबाई, येणारेजाणारे मानद सभासद.

तरी पावडरीनं आपलं काम केलं. आतून बारीक आवाज आला, "दादी, हो गई." सगीराबीनं त्याच पावली जिलेबी मागवली. कशाची म्हणून हलवायानं विचारलं, त्यालाही सविस्तर कळवण्यात आलं. शहजादी बाहेर आली तर अख्खी गल्ली जिलेबी खात तिचं अभिनंदन करत होती. लेकरू जे पलंगाखाली शिरलं, ते पुन्हा पाय आवळूनच बाहेर निघालं.

पावडर नकली आहे, अशी तक्रार घेऊन सगीराबी परत केंद्रात. डॉक्टरणीनं विचारलं, दारापुढं किती जण असतात?

"आमच्याकडं माणसांचा तोटा नाय," सगीराबी ताठ्यानं म्हणाली.

शहजादी तिच्या पदरामागं तोंड लपवून उभी होती. डॉक्टरीण तिच्याकडं बघत म्हणाली, "अम्मा, औषध तिला आहे. पथ्य तुम्हाला आहे."

जिच्या तोंडाला गल्ली जन्मभर भीत आली, तिनं त्या दिवशी घरी येऊन आधी दारापुढची खुर्ची उचलली.

आता खुर्ची गल्लीच्या तोंडाशी आहे, दाराकडं पाठ करून. येईल त्याला सगीराबी तिथूनच वाटेला लावते. "भाजीचा भाव विचारा, नाय तर चालायला लागा." मग ओठ असे आवळून बसते, की नातीनंही पाय तसे आवळले नसतील. आत्ता शहजादी आत आहे. कडी लागली आहे. पायांखाली पाट आहे, घाई कुणाला नाही.

आणि तुम्ही? ना गल्लीतले, ना गोतातले. तरी इथवर वाचत आलात, ते झाली का एवढं कळावं म्हणूनच ना?

सरका दारापुढून.