झुंजारचं पहिलं अवतरण

स्वतःचं लढाऊ विमान असल्याशिवाय कोणत्याही राष्ट्राला जगात ताठ मानेनं वावरता येत नाही, आणि उतरायला जागा नसताना विमान बांधणं हा शुद्ध उतावळेपणा होय. म्हणून सरकारनं १९९१ साली आधी धावपट्टी बांधली. कळमनुरीच्या अलीकडच्या माळावर ती मुदतीत पूर्ण झाली (प्रकल्पातली ही एकमेव गोष्ट). तिच्यावर पुंजाजी नावाचा रोजंदारी रखवालदार नेमला गेला. विमानाचं नावही त्याच वर्षी ठरलं : झुंजार.

पुंजाजीच्या नेमणूकपत्रात कलम चार असं होतं : 'सदर विमान धावपट्टीवर उतरल्यानंतर रखवालदारास सेवेत कायम करण्यात येईल.' त्यानं ते बायकोला, पद्माबाईला, वाचून दाखवलं.

"दिवाळीपस्तोर उतरंल की," ती म्हणाली.

काम झपाट्यानं सुरू झालं. पहिल्या नऊ वर्षांत चौदा समित्या नेमल्या गेल्या. विमान हलकं असावं असं तिसरीनं ठरवलं, दणकट असावं असं पाचवीनं. सातवीनं दोन्ही अहवाल स्वीकारले. पंख तीनदा बदलले, शेपूट एकदा, रंग अकरा वेळा. परदेशानं इंजिन द्यायचं नाकारलं तेव्हा आपण बाणेदारपणे स्वतःचं केलं. ते उत्तम चालतं (विमानात बसवलं नाही तर). दरम्यान १९९९ साली परभणी तोडून हिंगोली जिल्हा झाला. अख्खा जिल्हा झाला आणि एक विमान होत नाही, अशी कुरकुर काही लोकांनी केली. जिल्ह्याला उडायचं नसतं, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

धावपट्टी मात्र रिकामी नव्हती. तांड्यावरच्या हरिचंदनं एका मार्चात शिजवलेली हळद तिथं वाळत घालू का, म्हणून विचारलं. पुंजाजीनं नियम तपासले. गुरं, बैलगाडी, पतंग आणि क्रिकेट यांना मनाई होती, हळदीला नव्हती. चार वर्षांत नऊ गावांची हळद तिथं वाळू लागली. मग आकाशातून पाहणी झाली आणि 'धावपट्टीची पिवळी आखणी जागतिक दर्जाची' असा शेरा आला.

मार्च २००४ मध्ये प्रकल्पाचे मोठे साहेब जीपनं आले आणि पुंजाजीच्या बाजेवर बसले. एकतीस मार्चच्या आत पहिलं अवतरण झालं नाही तर प्रकल्प बंद, असं त्यांनी सांगितलं.

"मंग माझं काय, साहेब?"

"पद रद्द."

पुंजाजीनं मनातल्या मनात हिशेब केला. वय सत्तावन्न, तेरा वर्षं माळावर ऊन खाल्लेलं आणि म्हातारपणी हातात काही नाही. त्याला रडू येत होतं, आणि रागही. त्यानं पेटीतला कागद काढला.

"हे कलम चार बघा. 'उतरल्यानंतर' लिव्हलंय. उडत येऊन उतरावं, असं कुठं हाय?"

साहेबांनी ते सात वेळा वाचलं. (तेरा वर्षांत हे कलम दुसऱ्या कुणी वाचलं नव्हतं.)

एकोणतीस मार्चला झुंजार ट्रेलरवरून आला. साखर कारखान्याची क्रेन मागवली होती. फक्त हरिचंद हळद उचलायला तयार होईना.

"वाळून राहिली अजून. इमानाला म्हणा, चार दिवस दम धर."

शेवटी अकरा वाजून दहा मिनिटांनी विमान हळदीवरच टेकलं. टाळ्या झाल्या. साधा ओरखडाही उठला नाही, त्यामुळे अवतरण 'पूर्णतः सुरक्षित' म्हणून नोंदलं गेलं. वैमानिकाच्या रकान्यात क्रेनवाल्याची सही आहे. पुंजाजी कायम झाला आणि चौदा महिन्यांनी निवृत्त. पद्माबाईनं गावभर साखर वाटली.

विमान अजून तिथंच आहे. त्याच्या पंखांवर आता हरिचंदची हळद वाळते. जमिनीपेक्षा लवकर वाळते, असं तो सांगतो. रविवारी लांबून माणसं लेकरं घेऊन येतात, पंखाला टेकून फोटो काढतात. हे उडतं का, असं आजवर एकानंही विचारलेलं नाही. पुंजाजी सवयीनं तिथं असतो आणि प्रत्येकाला सांगतो, "टेकू नका, हळद लागंल."

कुणी ऐकत नाही. तो फोटो तुमच्याही अल्बममध्ये आहे. तुम्ही मधोमध, छाती काढून उभे आहात. पाठ पिवळी झालेली फोटोत दिसत नाही.