स्पर्धेचं स्थळ: गमऱ्यांचा हॉल

‘पियानो ना? माझ्यावर सोडा!’ असं जीवन गमरे मंडळाच्या मिटिंगमध्ये म्हणाला आणि बशीतला उरलेला बटाटेवडा उचलला. वडा थंड होता म्हणून तो जीवनच्या लक्षात राहिला. आपण काय बोललो ते फारसं राहिलं नाही. बाकीच्यांच्या मात्र नेमकं तेच लक्षात राहिलं.

किनारा कला मंडळ हे भाईंदर पश्चिमेचं. दरवर्षी एखादी गाण्याची स्पर्धा, एखादं रांगोळी प्रदर्शन, असा त्यांचा बेताचा संसार. यंदा अध्यक्ष मिनल मॅडम (त्या मीरा रोडला कीबोर्डचे क्लास घेतात) हट्टाला पेटल्या. पोस्टरवर त्यांनी छापलं, ‘आंतरराष्ट्रीय पियानो स्पर्धा आणि महोत्सव’. हा ‘आंतरराष्ट्रीय’ फार तर गोव्यापर्यंत पोचेल, असा सगळ्यांचा अंदाज होता. पण पोस्टर इंटरनेटवर गेलं आणि कोरियातून, कझाकस्तानातून, श्रीलंकेतून विचारणा यायला लागल्या. परीक्षक म्हणून थेट व्हिएन्नाच्या हेल्गाबाई तयार झाल्या. तेव्हा मंडळाच्या ध्यानात आलं की आपल्याकडे पाहुणे आहेत, परीक्षक आहेत, बुके आहेत, फक्त पियानो नाही.

वसईच्या एका प्रेमळ बाईंनी आपला उभा, लाकडी, कपाटाएवढा पियानो द्यायचं कबूल केलं. प्रश्न होता तो आणायचा कसा, आणि त्यावरच जीवनने ते वाक्य टाकलं होतं. कारण जीवन काशीमीऱ्याच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत होता. ‘रोज ट्रकच्या ट्रक रवाना करतो मी,’ असं तो म्हणायचा. (तो बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, फाडायचा. स्टेपलरपेक्षा जड वस्तू त्याने ऑफिसात कधी उचललेली नव्हती.)

स्पर्धा शुक्रवारी सुरू होणार होती. टेम्पो आणि माणसं मिळत होती गुरुवारी, आणि गुरुवारी स्पर्धेच्या हॉलवर कुणाचंतरी रिसेप्शन होतं.

‘काय हरकत आहे? एक दिवस आमच्याकडे राहील,’ जीवन म्हणाला. ‘पाहुण्यासारखा.’

पाहुणा वरसाव्याचा पूल ओलांडून, ट्रॅफिकमध्ये उन्हं खात दुपारी बिल्डिंगखाली आला. जीवनचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर, वन बीएचके. हमालांनी दोरखंड लावून पियानो जिन्याने वर चढवला आणि दाराशी येऊन थांबले. पियानो एकीकडे, दार एकीकडे, आणि दोघांचं जमेना. मुकादम म्हणाला, दाराची चौकट काढावी लागेल. चौकट जुनी, वाळवीने खाल्लेली. दोन-चार घाव घातल्यावर ती सुटका झाल्यासारखी बाहेर आली आणि पियानो भिंतींना घासत कसाबसा आत शिरला.

हमाल गेले. जीवन सोफ्यावर टेकला आणि समोर पाहतो तर घराला दारच नाही! जिन्यावरून येणारा-जाणारा आत डोकावून जात होता.

समोरच्या फ्लॅटमधल्या तुळसाबाई तर सरळ आतच आल्या. त्या मूळच्या राई गावच्या. गावातली जमीन बिल्डरने घेतल्यापासून इथे मुलाकडे राहायच्या आणि बिल्डिंगलाही गावच समजायच्या.

‘जीवन, येवडं मोठं कपाट कशाला आनलंस रं?’

‘मावशी, कपाट नाही, पियानो आहे. परदेशी पाहुणे वाजवणार.’

‘मंग दार कुठं हाय? कोनी नेला तर?’

हा मुद्दा जीवनच्या काळजाला भिडला. लोकाची वस्तू, मंडळाची अब्रू आणि घराला दार नाही! त्याच वेळी त्याला आठवलं की पंचशीला, म्हणजे त्याची बायको, वर्षभर लोखंडी सेफ्टी डोअरसाठी मागे लागली आहे. माप दिलेलं होतं, दार तयार होतं, फक्त बसवायचं राहिलं होतं. एकाच फटक्यात पियानोही सुरक्षित आणि बायकोही खूश! आपल्याला एवढं कसं सुचतं, याचं त्याला स्वतःलाच कौतुक वाटलं. त्याने फॅब्रिकेशनवाल्या नीरजला फोन लावला.

‘नीरजभाई, अभी के अभी आओ. घर में कीमती चीज है.’

‘भाईसाब, कल लगा दूं?’

‘कल नहीं, आजच! और एकदम मजबूत. चारों तरफ से वेल्डिंग मारो.’

नीरज भला माणूस. त्याने जाडजूड लोखंडी चौकट भिंतीत ठोकली, चारही बाजूंनी वेल्डिंग मारलं, वर दार चढवलं आणि निघताना म्हणाला, ‘अब हाथी भी आ जाए तो टूटेगा नहीं.’ जीवनने त्याला चहा पाजला.

संध्याकाळी पंचशीला शाळेतून आली. ती महापालिकेच्या शाळेत शिकवायची, त्यामुळे कुठल्याही गोष्टीकडे आधी चूक शोधत बघायची. पण दार पाहून तिचा चेहरा खुलला.

‘अहो, दार बसवलंत? खरंच?’

‘मग! तुला काय वाटलं?’

तिने दार उघडलं. ते करकरलं. लावलं. पुन्हा करकरलं. मग तिने पियानोकडे पाहिलं. मग दाराकडे. मग परत पियानोकडे. मग बराच वेळ जीवनकडे.

‘हा बाहेर कसा जाणार?’

‘दारातून.’

‘कुठल्या?’

जीवनने पियानोची आणि दाराची रुंदी वितीने मोजली. चौकट काढली तेव्हा पियानो आत आला होता. आता त्याच जागी लोखंडी चौकट होती, हत्तीलाही दाद न देणारी, आणि ती त्याने स्वतः उभं राहून बसवून घेतली होती.

‘मी काढतो बाहेर,’ तो शेवटी म्हणाला. ‘काहीही झालं तरी उद्या पियानो हॉलवर पोचणार. गमरे शब्दाचा पक्का आहे.’

‘गमरे पक्का आहे, पण वेल्डिंग त्याच्याहून पक्कं आहे,’ पंचशीला म्हणाली आणि भाजी चिरायला आत गेली.

शुक्रवारी सकाळी जीवनने कंपनीचा निळा शर्ट चढवला. (जड काम असलं की हा शर्ट घालायचा, असं त्याने ठरवलेलं होतं. शर्ट अजून कोरा करकरीत होता.) नीरज ग्राइंडर घेऊन हजर झाला. वायर लावली, बटण दाबलं, ग्राइंडर गप्प. शुक्रवार म्हणजे वीज कंपनीचा दुरुस्तीचा दिवस! अख्ख्या भागाची वीज बंद आणि ती येणार संध्याकाळी.

‘गॅस कटर मारूं क्या?’ नीरजने विचारलं.

‘ठिणगी उडून पियानो पेटला म्हणजे?’ शाळेतून रजा घेऊन घरी थांबलेली पंचशीला आतून ओरडली. ‘वसईच्या बाईंना काय राख पाठवायची?’

मग जीवनने छिन्नी-हातोडा घेतला. तासभर घाव घातले. चौकटीचं काही गेलं नाही. भिंतीचा थोडा रंग गेला आणि जीवनच्या अंगठ्याचा पार रंग बदलला. पण तो हटेना. घामाने निथळत, ओठ आवळून तो ठोकत राहिला. एवढ्यात जिन्यावर धापा टाकत मिनल मॅडम आल्या.

‘गमरे, पियानो कुठाय? सगळे हॉलवर आलेत! हेल्गाबाई घड्याळ बघतायत!’

जीवनने हातोड्यानेच आत खूण केली. मॅडमनी चौकट पाहिली, पियानो पाहिला आणि त्या पायरीवर बसल्या. वर्षभर त्यांनी यासाठी कुणाकुणाचे उंबरे झिजवले होते. तो कोरियाचा, तो कझाकस्तानचा, कुठून कुठून लोक आले होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

‘मॅडम, तुमचा कीबोर्ड...’ जीवन चाचरत म्हणाला.

‘आंतरराष्ट्रीय स्पर्धा कीबोर्डवर घेऊ? आणि वीज कुठे आहे?’

तेव्हा पंचशीला पदर खोचून पुढे आली. वर्गात मुलं फार गोंधळ घालायला लागली की ती जो आवाज काढायची, तो आवाज तिने काढला.

‘रडायचं काम नाही. पियानो बाहेर जात नाही ना? मग स्पर्धा आत येईल.’

‘इथे?’ मॅडम म्हणाल्या.

‘पत्रिकेत स्थळ काय छापलंय? हॉलच ना? हा आमचा हॉल. आणि पियानोला वीज लागत नाही. पहिली फेरी इथे होऊ दे. संध्याकाळी वीज आली की नीरज चौकट कापेल, उद्याची फायनल तिकडे घ्या. अहो, तो हातोडा खाली ठेवा आणि सोफा सरकवा!’

पुढच्या अर्ध्या-पाऊण तासात त्या घराने आजवर पाहिलं नव्हतं ते पाहिलं. सोफा परीक्षकांना. बेडरूम स्पर्धकांना. श्रोते जिन्यावर, पायरीपायरीला. तुळसाबाईंनी सगळ्या मजल्यांवर फिरून हुकूम सोडला, ‘कुकर लावायचा न्हाय! मिक्सरला तर वीजच न्हाय. बाहेरदेशची पोरं आलीत, शिट्टी वाजली तर माज्याशी गाठ हाय!’

राहता राहिलं दार. कुणी आत-बाहेर केलं की ते असं करकरायचं की हेल्गाबाईंनी कानावर हात ठेवले. ‘अहो, तुम्ही दाराशी उभे राहा,’ पंचशीला म्हणाली. ‘गाणं... म्हणजे वाजवणं चालू असताना कुणाला सोडायचं नाही. दार हातात धरून ठेवा. चूक तुमची, दार तुमचं.’

जीवनने मनाशी ठरवलं, आता या दारातून एक माशीही आवाज करून जाणार नाही. तो निळ्या शर्टात, सुजलेला अंगठा आकाशाकडे करून, ताठ उभा राहिला. मंडळाच्या खजिनदारालाही त्याने अर्धा तास बाहेर ठेवला. खाली भंगारवाल्याने भोंगा सुरू केला तेव्हा अनवाणी धावत जाऊन त्याने त्याला पुढच्या गल्लीत घालवला आणि परत येऊन दार धरलं. कझाकस्तानचा पोरगा उंच, त्याचं कपाळ चौकटीवर आपटू नये म्हणून जीवनने चौकटीच्या वरच्या कडेला हात धरला. कपाळ वाचलं. हाताचं विचारू नका.

मग कोरियाच्या मुलीचा नंबर आला. मिन्-सो तिचं नाव, अंगाने एवढीशी. ती बेडरूममधून बाहेरच येईना. पंचशीला आत गेली तर पोरगी पलंगाच्या कडेला बसलेली, बोटं थंडगार. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. पंचशीलाने काही विचारलं नाही. तिने गरम चहाचा स्टीलचा ग्लास आणला आणि त्याच्याभोवती त्या मुलीच्या हातांचे तळवे लपेटून वर आपले हात ठेवले.

‘घाई नाही,’ ती मराठीतच म्हणाली. ‘ऊब येऊ दे.’

मिन्-सो बाहेर आली आणि पियानोसमोर बसली. पहिले सूर इतके हळू आले की जीवनला वाटलं, सुरुवात झालीच नाही. मग ते वाढले, जिन्यातून खाली उतरले, वर चढले. खालच्या मजल्यावरचे मेहताकाका वर्तमानपत्राने वारा घेत होते, त्यांचा हात थांबला. तुळसाबाईंनी डोक्यावरचा पदर सावरला. गच्च बसलेल्या त्या जिन्यात कुणी खोकलंसुद्धा नाही. जीवनला पियानोतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण दार धरलेला त्याचा हात सैल पडला. हे सगळं आपल्या हॉलमध्ये चाललंय, जिथे आपण बनियनवर बसून भेळ खातो, हे त्याला खरंच वाटेना.

शेवटचा सूर विरला. मग तुळसाबाई म्हणाल्या, ‘पोरीचे हात सोन्याचे हायेत!’ आणि अख्खा जिना टाळ्यांनी दणाणला.

संध्याकाळी वीज आली. नीरजने चौकट कापली आणि पियानो बाहेर पडला. (घर पुन्हा बिनदाराचं. त्याबद्दल पंचशीला काय म्हणाली, ते इथे लिहिण्यासारखं नाही.) शनिवारी मोठ्या हॉलवर फायनल झाली आणि मिन्-सो पहिली आली.

बक्षीस समारंभाला जीवन इस्त्रीचा सदरा घालून दुसऱ्या रांगेत बसला होता. मनातल्या मनात त्याने सत्काराला उत्तर म्हणून छोटंसं भाषणही तयार ठेवलं होतं. नम्र, पण विसरता येऊ नये असं.

हेल्गाबाई माइकसमोर आल्या. मिनल मॅडम एकेक वाक्य मराठीत सांगत होत्या.

‘मी जगभर स्पर्धा पाहिल्या, पण काल पंचशीला गमरे यांच्या घरी जे ऐकलं ते कुठेच ऐकलं नाही. त्यांचे आभार.’

टाळ्या. पंचशीला लाजली. जीवनने सदऱ्याची कॉलर नीट केली.

‘आणि त्यांच्याच दारावरच्या...’ मॅडम क्षणभर अडखळल्या. हेल्गाबाई मान डोलवून पुढे बोलतच होत्या. आता आपलंच नाव येणार म्हणून जीवन खुर्चीतून निम्मा उठला.

‘...त्यांच्या दारावरच्या, निळ्या युनिफॉर्ममधल्या वॉचमनचेही आभार. इतका शिस्तीचा वॉचमन, बाई म्हणतात, त्यांच्या व्हिएन्नातही मिळत नाही.’

सगळा हॉल वळून जीवनकडे पाहायला लागला. तो निम्मा उठलेला होता. आता बसावं की पूर्ण उठावं, ते त्याला ठरवता येईना.

मागच्या रांगेतून तुळसाबाईंचा आवाज आला, ‘बाईला इचार, पगार किती देती?’

आणि पंचशीलाने पुढे पाहत, ओठ न हलवता सांगितलं, ‘उठलात ना? मग आता सलाम तरी नीट ठोका.’