यतीवर थांबणारे सबनीसकाका

‘उद्या पाणी येणार नाही’ अशी नोटीस लागली की आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत लोक बादल्या भरतात. दुसऱ्या मजल्यावरचे सबनीसकाका, मराठीचे निवृत्त शिक्षक, नोटिशीसमोर उभे राहून अंगठ्यानं बोटांची पेरं मोजतात. “गुरू, गुरू, गुरू... छे! वृत्तच नाही.” एवढं बोलून वर जातात. पाणी भरायचं राहतंच.

मुलीच्या लग्नात मी लिहिलेलं मंगलाष्टक म्हटलं जावं, अशी माझी फार इच्छा होती. नोकरीच्या नादात तिच्याशी धड बोललोच नव्हतो. निदान माइकवरून तरी बोलावं. माझा आवाज टिकला नसता, म्हणून म्हणायचं काकांनी.

त्यांनी कागद पाहिला आणि कपाळाला हात लावला. “अहो, शार्दूलविक्रीडितात बाराव्या अक्षरावर यती. म्हणजे श्वास घ्यायची जागा. तुम्ही वाट्टेल तिथे श्वास घेता!”

‘दार उघडंच आहे, कधीही ये’ या ओळीवर ते अडले. “हे पद्य नाही, निरोप आहे. शिवाय मंगलकार्यात करुण रस घुसवलात. मुलगी ठाण्याला तर चाललीय!”

“मग काय लिहू?”

“लिहा : नांदो सौख्य तुझ्या घरी नित सदा...”

“काका, नित आणि सदा एकच ना?”

“अर्थाला एक पुरतं. वृत्ताला दोन्ही लागतात.”

मला काही कळेना. मी मान डोलावली आणि सांगायचं होतं तेवढंच नेमकं काढून टाकलं. ते मला खात राहिलं.

कल्याणच्या हॉलमध्ये काकांनी माइक धरला. “नांदो सौख्य तुझ्या घरी नित सदा...” यतीवर थांबले. थांबलेच. लोक मुठीत अक्षता घेऊन ताटकळले. मग काकांचाच खडबडीत, बेसूर आवाज आला, “दार उघडंच आहे, कधीही ये!” गुरुजी ‘सावधान’ म्हणायचं विसरले. अर्ध्यांनी अक्षता टाकल्या, अर्ध्यांनी नाही. मुलीनं मात्र अंतरपाटाआडून वळून माझ्याकडे पाहिलं.

पंगतीत मी गोंधळून विचारलं, “काका, वृत्त?”

“मोडलं.” मग म्हणाले, “आमच्या मंजूच्या लग्नातली आठही कडवी मीच लिहिली. निर्दोष. त्यात ‘ये’ म्हणून कुठेच नव्हतं. मेलबर्नला गेली, ती...”

“मग आता सांगा की फोन करून.”

त्यांनी जिलबी बाजूला सारली. अंगठ्यानं पेरं मोजली. मान हलवली. पुन्हा पहिल्या पेरापासून मोजू लागले.