चार हजारांत बसणारं मशीन

प्रियांकाच्या रुखवतात दोन पाट ठेवायचे आणि ते विकत न आणता आपण घरी करायचे, एवढाच माझा निर्णय होता. छोटा, सुटसुटीत, मुलीच्या बापाला शोभेलसा.

रुखवत मांडणं हे खरं तर आईचं काम. प्रियांकाची आई असती तर तिने क्रोशाच्या रुमालांनी आणि मण्यांच्या तोरणांनी तीन टेबलं भरली असती. तिला जाऊन चार वर्षं झाली होती. लाडू, खाजं, करंज्यांची जबाबदारी तिच्या धाकट्या बहिणीने, सुभद्राने, उचलली होती. पण कलाकुसरीचा विषय निघाला की माझ्यासमोर सगळे एकदम गप्प व्हायचे. नवऱ्याकडची मंडळी रेडी गावची. तिथल्या बायका रुखवत बारकाईने बघतात असं ऐकून होतो. आई नाही म्हणून पोरीचं टेबल उघडं दिसू नये, इतकंच माझं म्हणणं होतं.

"कलाकुसर मी करतंय," मी जाहीर केलं.

"भावजी, तुमका सुयेत दोरो ओवूक जमणा नाय," सुभद्रा म्हणाली.

"सुई कित्याक होई? मशीन करतला."

सन २००८. सायबर कॅफेत मी एक चित्रफीत पाहिली होती. एका परदेशी गृहस्थाने घरच्या घरी सीएनसी राउटर बनवला होता. म्हणजे एक चौकट, तीन मोटरी आणि मध्ये गरगर फिरणारं पातं. संगणकात मोर काढला की पातं आपण होऊन लाकडावर मोर कोरतं. (तो गृहस्थ गॅरेजमध्ये काम करत होता. माझ्याकडे गॅरेज नव्हतं, माजघर होतं.) मी कागदावर हिशेब मांडला. खर्च चार हजार.

आणि मी आजही सांगतो, मशीन चार हजारांतच बसलं. एका सरकारी कचेरीत मी सव्वीस वर्षं हेडक्लार्क आहे. अंदाजपत्रक वाढू द्यायचं नसेल तर काय करायचं, हे मला कुणी शिकवायला नको. वाढलेला खर्च दुसऱ्या सदरात घालायचा. मशीनला जुन्या पद्धतीचा संगणक लागला, तो 'शिक्षण' या सदरात गेला. मालवणातल्या विजेचा दाब कधी स्थिर नसतो म्हणून स्टॅबिलायझर आणला, ती 'घरदुरुस्ती'. भुसा नाकातोंडात जाऊ लागला, तेव्हा व्हॅक्यूम क्लीनर घेतला: 'आरोग्य'. फणसाचं लाकूड कोरताना पाती पटापट तुटली आणि नवी आणायला दोनदा कोल्हापूरला जावं लागलं. दोन्ही वेळा मी अंबाबाईला हात जोडून आलो, त्यामुळे ते 'देवदर्शन' झालं.

"बाबा, ह्या वर्षी तुमी लय धार्मिक झालास," प्रियांका म्हणाली.

माजघरात मशीन आल्यामुळे जेवणाचं टेबल पडवीत गेलं, पडवीतली बाकडी अंगणात गेली, आणि अंगणात कोण बसलं आहे हे बघायला येणारे शेजारी घरात येऊ लागले. तरी काम झोकात सुरू झालं. मोराचा पिसारा काय सुरेख उतरला! पण मान सुरू झाली की दिवे मंद व्हायचे, मशीन दचकायचं आणि मोराचं डोकं मानेपासून दोन बोटं लांब जाऊन पडायचं. तीन मोर असे शहीद झाल्यावर कारण सापडलं. शेजारच्या रफीकचा विहिरीवरचा पंप. तो सुरू झाला की विजेचा दाब पडायचा आणि माझा स्टॅबिलायझर नुसता हळहळल्यासारखा आवाज करायचा.

रफीक भला माणूस. आमच्यात तह झाला. पंप लावण्याआधी तो आमच्यामधल्या दगडी गडग्यावरून विचारायचा.

"काका, पंप लावू काय?"

"मान चालू आसा. अर्धो तास थांब."

मग आतून त्याच्या बायकोचा, अकिलाचा, आवाज यायचा. "तेंका विचार, मोराची आंघोळ झाली काय? आमची बाकी आसा!"

मानमोडके मोर सुभद्रा बंबात घालायची. "फणस बरो पेटता हां," ती म्हणायची. तिने एवढं एकच कौतुक केलं.

अखेर एक पाट तयार झाला. पिसारा, मान, डोकं, सगळं जागच्या जागी. मी तो दिवसभर मांडीवर घेऊन बसलो. दुसरा पाट लग्नाच्या दोन दिवस आधी लावला. मोर अर्धा झाला आणि भारनियमनात वीज गेली. ती परत आली तेव्हा मशीन आपण कुठे होतो ते विसरलेलं होतं. त्याने मोराच्या पोटातूनच नवा पिसारा सुरू केला आणि पातं थेट पाटाच्या खालच्या बाजूने बाहेर निघालं.

"आता?" सुभद्राने विचारलं. "एका पाटाचा रुखवत?"

क्षणभर मलाही टेबल उघडं दिसू लागलं. पण मी गडबडणारा माणूस नाही.

"नुसतो पाट ठेवलो तर लोकांका विकतचो वाटतलो," मी म्हणालो. "बाजूक मशीन ठेवूया. बघूंदेत सगळी!"

मंगल कार्यालय कसालला होतं. रफीकच्या टेम्पोतून मशीन आलं. सुभद्राने त्याला हळदकुंकू लावलं, मोटरीला अबोलीचा वळेसार, म्हणजे गजरा, बांधला. लाडवांच्या आणि खाज्याच्या ताटांमध्ये ते असं शोभलं की नवरदेवाकडे कुणी बघेना.

"शेवयांचा मशीन गो!"

"खुळी काय? नारळ किसूचा आसा ता."

प्रियांकाच्या सासूबाई, हौसाबाई, टेबलाभोवती दोनदा फिरल्या. त्यांनी पाटावरच्या मोराच्या मानेवरून बोट फिरवलं.

"ह्या सगळा तुमी केलास?"

"होय."

"आवशीची उणीव भासूक दिलास नाय पोरीक," त्या म्हणाल्या.

मी उगाच मशीनची वायर सरळ केली.

मुहूर्त झाला, जेवणं झाली, पाठवणीची वेळ आली. आणि मी बघतो तर रेडीच्या चार तरुणांनी माझं मशीन उचलून त्यांच्या टेम्पोकडे चालवलेलं!

"अरे, ता खंय न्हेतास?"

"रुखवत न्हेवक नको?"

मी सुभद्राकडे धावलो. ती कुजबुजत म्हणाली, "भावजी, रुखवतार मांडलेली वस्तू परत मागतत? पोरगी उद्या सासरी तोंड कसा दाखयतली?"

रुखवतात जे मांडलं ते मुलीचं, हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. मला, कागदपत्रांत मुरलेल्या माणसाला, ते आठवलं नव्हतं. प्रियांका गाडीजवळ उभी होती. एकदा मशीनकडे बघत होती, एकदा माझ्याकडे.

"बाबा, हयच ठेवूया?" तिने हळूच विचारलं.

"ठेवतंस कित्याक? तुझाच ता. अरे, मोटरीक धरू नका, चौकटीक धरा!" असं ओरडत मी टेम्पोमागे गेलो. गाड्या सुटल्या तेव्हा माझे डोळे भरून आले होते. बापाचं काळीज, असं लोक म्हणाले. लोकांचं बरोबरच होतं. थोडा वाटा मशीनचा होता, पण तो मी वेगळ्या सदरात घातला.

पंधरा दिवसांनी लेकीला भेटायला रेडीला गेलो. मनात योजना तयार होती. मशीन कुठेतरी अडगळीत पडलं असणार, 'तेलपाणी करून आणतो' म्हणायचं आणि घरी न्यायचं. पण ते अडगळीत नव्हतं. अंगणात, चांगल्या उन्हात उभं होतं, आणि पातं सरकायच्या रुळांवर मीठ लावलेले बांगडे ओळीने वाळत होते.

प्रियांका पदराआड हसत होती. हौसाबाई मात्र मनापासून बोलल्या.

"व्याहीबुवा, वस्तू दिलास ती एकदम कामाची! मांजर पोचणा नाय, खालसून वारो लागता. गावातल्या बायका बघूक येतत."

मी नम्रपणे मान झुकवली.

"फक्त एक सांगतंय, रागावू नका," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. "तेका त्यो मोटरी कित्याक बसयलास? उगीच खर्च वाढलो."