दर्शनी भागाचे नाना

आमच्या शेजारच्या नानांनी एकदा चिमणीला तंबी दिली होती. आमच्या वळचणीतली काडी तिनं उचलली, तर नाना ओट्यावरून गरजले, "ठेव ती! दर्शनी भाग शे तो!" चिमणीनं काडी ठेवली. शपथेवर सांगतो, ठेवली.

नाना धुळ्यात नगररचना कार्यालयातून नकाशे गिरवणारे ट्रेसर म्हणून निवृत्त झाले आणि येताना नियम घरी घेऊन आले. त्यातला एक आमच्या मानगुटीवर बसला: जुन्या पेठेत घराची रस्त्याकडची बाजू बदलायची नाही. गल्लीतल्या प्रत्येक ओट्याला कोरीव सागवानी खांब. कुणाचा मोराचा, कुणाचा केळफुलाचा. मागे ताजमहाल बांधा, पुढे खिळा ठोकायचा नाही. टीव्हीचे अँटेने त्यांनी परसात लावायला लावले. सगळं धुळं मालिका बघायचं, आम्ही पडद्यावरच्या मुंग्या. मांडवानं दर्शनी भाग झाकला जातो म्हणून त्यांनी स्वतःच्या पोरीचं लग्न नदीपलीकडे देवपुरात नेऊन लावलं. व्याही अजून बोलत नाहीत.

अशात माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं. आमच्या घरात कूस बदलायची तर सगळ्यांनी मिळून बदलायची. ओट्यावर स्लॅब टाकून वर खोली काढायची, म्हणजे खांब काढणं आलं. मी नगरपालिकेत अर्ज केला. नानांनी हरकत घेतली.

"नाना, नवरानवरीनं काय तारेला लटकायचं?"

"मांगे बांध ना भाऊ! कोन नही म्हनस?"

"मागे विहीर आहे!"

"मंग विहिरीवर बांध. पन खांबले हात लावू नको."

पाहणीला साहेब आले की नाना त्यांना चहा पाजून नियम ऐकवायचे. साहेब बशीसुद्धा न ठेवता पळायचे. लग्न लांबलं. शिंदखेड्याचे सोयरे विचारू लागले, "खोली शे का नही?" शेवटी साहेब बदलले. नव्या साहेबांना चहा चालत नव्हता. परवानगी मिळाली!

त्याच दुपारी मी खांब उतरवून वखारीत विकला आणि गल्लीत पेढे वाटले. नानांच्या बंद दारासमोर जरा मोठ्यानेच वाटले.

दुसऱ्या सकाळी मंजन लावत बाहेर आलो, तर खांबाच्या जागी नाना उभे. ताठ, हात अंगाशी. म्हटलं, घ्या, आता सत्याग्रह! तोंडात फेस होता म्हणून शिव्या आत राहिल्या.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी, अक्का, देवळातून परतताना दिसल्या. प्रत्येक खांबाला हात लावत यायची त्यांची रीत होती. आम्हाला वाटायचं, गुडघे दुखत असतील. आमचा खांब मागे पडला की लगेच त्यांचं दार. आज मात्र त्या बांधकामासाठी आम्ही कालच टाकलेल्या वाळूच्या ढिगात सरळ शिरल्या. डोळे उघडे होते, समोर होते, आणि ढीग दिसलाच नाही. हात हवेत चाचपडत राहिला. नाना अर्धं पाऊल पुढे सरकले. हात त्यांच्या खांद्यावर टेकला. कोरीवकाम काही लागेना, तशा अक्का थबकल्या.

नाना खोकले.

"अय माय! आज हाऊ खांब खोकस काबर?"

सगळ्या गावाशी भांडणारे नाना इतकं हळू बोलले, की मला फेस थुंकायची चोरी झाली.

"मी शे. आते वळ. घर उनं." त्यांनी अक्कांना आपल्या दाराकडे वळवलं.

मी तसाच, फेसाळल्या तोंडानं वखारीकडे धावत सुटलो. करवत सुरू व्हायच्या आत पोचायचं होतं.