जास्तीची दोन चाकं

गाडीचं पुढचं एक चाक डुगडुगत होतं. "बाबा, तेवढी गाडी धड करा," असं मी सासऱ्यांना सांगितलं आणि ऑफिसला गेलो. झालं! तिथेच माझी बुद्धी गहाण पडली. (ती सोडवून आणावी, असं घरात अजून कुणालाच वाटलेलं नाही.)

गाडी म्हणजे वीतभर लांबीची, लाकडाची, निळी. मागे दोन मोठी चाकं आणि पुढे चार इवलीशी. लहानपणी मी आणि दादाने न्हाव्याच्या दुकानातल्या मासिकात तसल्या रेसिंगच्या गाडीचा फोटो पाहिला होता. पुढची चाकं लहान केली की ती नाकाडाआड दडतात आणि वारा कमी अडतो, असं दादाने मला समजावलं. मला ओ की ठो कळलं नाही. पण असली विचित्र गाडी कुणीतरी खरोखर बनवली आणि शर्यतीत पळवली, याचंच आम्हाला वेड लागलं, आणि दादाने घरीच तिची ही लाकडी नक्कल केली. खरी गाडी शर्यतीत फार वर्षं टिकली नाही म्हणतात. पण जे एकदा तिच्यावर भाळले, ते केस पिकले तरी तिच्याबद्दल हातवारे करत बोलतात. मीही बोलतो. (डबा खायला माझ्या शेजारी कुणी बसत नाही.)

दादा कितीतरी वर्षांनी येणार होता. फोनवर त्याने माझी तब्येतसुद्धा विचारली नाही. "आपली सहाचाकी आहे ना रे?"

"जशीच्या तशी!" मी छाती फुगवून म्हणालो.

आणि तो यायच्या दिवशी सकाळी बघतो तर गाडीला चारच चाकं!

"बाबा, हिची चाकं?"

"काढली," सासरे अभिमानाने म्हणाले. "कुणा गाढवाने जास्तीची बसवली होती, जावईबापू. धड करा म्हणालात ना? केली धड."

"अहो, ती सहाचाकी आहे!"

"सहाचाकी? गाडीला चारचाकी म्हणतात."

"बरं, ती दोन आहेत कुठे?"

"ड्रॉवरला!" स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "मुठी लावा, मुठी लावा म्हणून तुमच्या मागे लागून माझा घसा बसला. बाबांनी एका दुपारीत लावल्या."

"त्या मुठीच होत्या," सासरे म्हणाले. "मागचे आटे बघा."

मी आत जाऊन बघितले आणि एकदम आठवलं. दादाने वडिलांच्या कपाटातल्या ड्रॉवरच्या मुठी काढून ही चाकं केली होती! वडिलांनी दोघांना बदडलं, पण मुठी काही परत मागितल्या नाहीत. पुढे कायम ते सुतळी बांधून ड्रॉवर ओढत राहिले. मला तिथेच, गॅससमोर, भरून आलं.

मग डोळे पुसून मी स्क्रूड्रायव्हर काढला.

"अहो, चमचे आत आहेत! पाहुण्यांचा चहा काय बोटाने ढवळू?"

"पाहुणा कसला? दादा आहे!"

आट्यांनी बसवायला धीर कुणाला होता? झटपट चिकटणारा गोंद काढला, चाकं लावली आणि घट्ट दाबून धरली. तेवढ्यात बेल वाजली. गाडी खाली ठेवायला गेलो, तर गाडी माझा हात सोडेना. तीन बोटं चाकांसकट पक्की!

दारात दादा. पार पिकला होता. मिठी मारायला त्याने हात पसरले, आणि माझ्या हाताकडे लक्ष जाताच मिठी विसरून गाडीच धरली.

"अरे ठोंब्या! तीच! अगदी तीच रे!" सहाही चाकं त्याने बोट लावून मोजली. मला हुंदका आला. मग त्याने गाडी ओढली आणि मी असा बोंबललो, की शेजारी दारात आले.

बायको नेलपॉलिशचं रिमूव्हर घेऊन धावली. "याने सुटेल. पण गाडीचा रंग जाईल हं. नाहीतर तशीच ओढायची, म्हणजे यांची कातडी जाईल."

मी निश्चिंत होऊन दादाकडे पाहिलं. शेवटी रक्ताचं नातं आहे.

"ओढा," दादा म्हणाला. "कातडी परत येते."